पाहिलं, ऐकलं, वाटलं

देव आहे असं म्हणणाऱ्यानं पुरावा द्यायचा, की देव नाही असं म्हणणाऱ्यानं? तुमचं उत्तर तयार असेल. माझंही होतं, आणि माझं तर छापील होतं. पण त्याआधी एक सांगा. आज सकाळपासून तुम्ही ठामपणे जे काही बोललात, त्यातलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं किती होतं?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या घरमालकांचा आहे. बोर्ली पंचतनला मी अकरा महिन्यांच्या करारावर इतिहास शिकवायला गेले, तेव्हा त्यांच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना 'मोजणीदार' म्हणायचं. मी काका म्हणायचे.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "खोली हवेशीर आहे ना?"

"आहे म्हटलं तर तो माझा अर्ज झाला," ते म्हणाले. "तू आत जा. दार लावून दहा मिनिटं उभी राहा. मग तूच सांग."

मी दहा मिनिटं उभी राहिले आणि घामानं निथळत बाहेर आले. "नाही," म्हटलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवर एक चौकोन आखला, आणि चौथ्या दिवशी तिथं खिडकी बसली.

त्यांच्याकडे पेन नव्हतं. "पेन म्हणजे निकाल. निकाल वरचा साहेब देतो. आपण मोजणारे, आपली पेन्सिल." खिशात कायम एक लांबट वही असायची. पानावर तीन रकाने आखलेले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. कोणी काही बोललं की ते कोणत्या रकान्यात जाईल याचा त्यांच्या डोक्यात हिशोब सुरू व्हायचा, आणि समोरच्याला तो ऐकावाही लागायचा. आमटीत मीठ कमी आहे असं काकींना कोणी म्हटलं, की हे आधी विचारणार, "चाखून म्हणतोस का रंग बघून?" बाजारात मासळीवाली लांबूनच ओरडायची, "आला बघा अर्जवाला!" हे तिच्या पाटीपुढं उभे राहून म्हणत, "ताजी आहे हा अर्ज तुझा. कल्ला उघड." ती कल्ला उघडून लाल भाग दाखवायची आणि म्हणायची, "बायकोचं तोंड तरी बघून लगीन केलंस का, का तिथं पन अर्ज मागवलेलास?"

"तिथं लगतधारक, हद्दीला लागून असलेले शेजारी, फार होते," काका म्हणायचे. "मोजणी नीट झाली नाही." आणि घरी येऊन काकींना हे जसंच्या तसं सांगायचे, कारण ते 'ऐकलं' मध्ये मोडत होतं.

मी कशी वाढले तेही सांगायला हवं. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरी मांडणीवर पत्रकं अंथरलेली असायची, भडंग पत्रकात बांधून मिळायचं, आणि मी पहिली अक्षरं गिरवली ती 'बंधू-भगिनींनो' ही. पत्रकाची भाषा माझ्या रक्तात आहे. पत्रकात शंका नसते. 'आम्हाला असे वाटते' अशी सुरुवात केलेलं पत्रक मी आजवर पाहिलेलं नाही. त्यामुळे मालक नास्तिक आहेत हे कळल्यावर मला वाटलं, आपलाच माणूस मिळाला.

संध्याकाळी ओटीवर आमचा वाद रंगायचा. मी म्हणायचे, "काका, साधी गोष्ट आहे. दावा आस्तिकांचा. सिद्ध त्यांनी करायचं. आपण काहीच सिद्ध करायचं नाही."

"अर्धं बरोबर," ते म्हणायचे. मग मोजणीची रीत सांगायचे. हद्द सरकलीय अशी तक्रार ज्याची, अर्ज त्याचा. मोजणीच्या दिवशी त्यानं शेतात येऊन उभं राहायचं, चालून दाखवायचं, माझी हद्द इथून इथवर. शेजाऱ्यांना नोटीस जाते. शेजारी आला नाही तरी मोजणी होते. पण अर्जदारच आला नाही, तर मोजणीची साखळी पिशवीतून बाहेर निघत नाही.

"म्हणजे देव आहे म्हणणारा अर्जदार. मी तेच म्हणतेय."

"तो म्हणाला तर. तुझ्या काकी काय म्हणतात? काही म्हणत नाहीत. त्या पूजा करतात. मला कधी म्हणाल्या नाहीत की तुम्ही पण करा. अर्जच नाही, तर मोजणी कसली? आणि तू. 'मला देव दिसला नाही' म्हणत असशील तर घरी बस, तुला कोणी बोलावत नाही. 'देव नाहीच' म्हणत असशील तर तोही अर्ज झाला. ये शेतात."

"नसलेल्या गोष्टीचा पुरावा कसा देणार?"

"देतात की. सात-बारा बघितला, सगळे फेरफार बघितले, या नावाचा माणूस नाही, असं आम्ही लिहून द्यायचो. पण कुठला कुठला कागद बघितला ते खाली लिहावं लागायचं. तू किती बघितलेस?"

"तुम्ही बघितलेत?"

"अजून बघतोय," ते म्हणायचे. "नोटीस दिलेली आहे. आजवर गैरहजर."

रोज सकाळी ते काकींसाठी जास्वंदीची फुलं काढत, देठ एका लांबीचे. मी एकदा टोमणा मारला, "नास्तिक माणूस देवाला फुलं काढतो?"

"मी तिला काढतो. पुढं ती कोणाला देते ते मी विचारत नाही."

आणि दर सोमवारी ते देवळात जात. बोर्लीहून खाडीकडे जाताना एक गाव लागतं, त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या देवीला कौल लावतात. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. गुरव देवीच्या मूर्तीवर डाव्या आणि उजव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो, भक्ताचा प्रश्न मोठ्यानं देवीला सांगतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि मग सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काका सभामंडपातल्या एका खांबाला टेकून बसायचे आणि वहीत लिहायचे: प्रश्न काय, कुठली पडली, पुढं काय झालं. कित्येक वर्षं. लोकांना सवय झाली होती. गुरव त्यांच्यासाठी चहा ठेवायचा.

त्या दोघांचं भांडण ऐकायला मी एकदा मुद्दाम गेले होते. गुरव साठीकडे झुकलेला, बारीक अंगाचा, स्वर मात्र खणखणीत. तो म्हणाला, "भाऊ, वारा दिसतो काय तुमाला?"

"दोरीवरचे कपडे हलतात. तुझं काय हलतं?"

"मान्सं हलतात. रडत येतात, उठून घरी जातात. ह्या खांबाखाली बसून बघताव ना?"

काकांनी ते लिहून घेतलं. मी वाकून बघितलं. 'पाहिलं' मध्ये लिहिलं होतं. मला राग आला. आपला माणूस समोरच्याचा मुद्दा पेन्सिलीनं का होईना लिहून घेतो, हे पत्रकांवर वाढलेल्या मुलीला पचत नव्हतं.

मग ती गोष्ट घडली.

माझ्या वर्गात बारावीला एक मुलगी होती, त्याच गावची. तिला नर्स व्हायचं होतं. मुंबईतल्या प्रवेशाची चौकशी, फॉर्म, सगळं तिनं स्वतः केलं होतं. तिचे वडील काही वर्षं मुंबईत कारखान्यात काढून गावी भातशेतीला परतलेले. त्यांनी कौल लावला. डावी कळी पडली. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली, पुस्तक उघडलं आणि तास संपेपर्यंत पान उलटलं नाही. सुटल्यावर म्हणाली, "मॅडम, आईनं नको म्हटलं." आई म्हणजे देवी.

मी पेटले. त्याच आठवड्यात बोर्लीला परतताना मिनीडोर रिक्षात शेजारची बाई कोणाला तरी सांगत होती, "गुरव ज्या बाजूला पाडायची नसते तिथं मध लावतो म्हणे." बस. मला पाहिजे होतं ते मिळालं. वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात मी पाचशे पत्रकं काढली. मथळा लाल शाईत: 'देवी बोलते की गुरव?' तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं की गुरवानं मुलीच्या बापाशी संगनमत करून उजवी कळी मधानं चिकटवली. 'म्हणे' हा शब्द मी गाळला. पत्रकात तो शोभत नाही.

पत्रकं बोर्लीच्या बाजारात वाटली, आसपासच्या गावांत गेली, फोटो निघून फोनांवर फिरली. मला वाटलं होतं लोक चिडतील, मला जाब विचारतील. झालं उलटंच. ज्यांनी वर्षानुवर्षं कळीवर विश्वास ठेवला, त्यांनी माझ्या कागदावरही तितक्याच सहज ठेवला. कौल खोटा असं कोणीच म्हटलं नाही. गुरव खोटा म्हटलं. पोरं त्याला 'मध' म्हणून हाक मारायला लागली. सोमवारी देऊळ रिकामं राहिलं. आणि गावकीनं रविवारी सकाळी सभा बोलावली: पूजा त्याच्याकडून काढून घ्यायची की नाही. त्याच्या घरात ती पिढ्यान् पिढ्या होती, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

शनिवारी दुपारी काका माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात माझं पत्रक. समासात प्रत्येक वाक्यापुढं पेन्सिलीनं एक अक्षर: पा, ऐ, वा. 'वा' बरेच होते. तिसऱ्या परिच्छेदापुढची जागा मात्र मोकळी.

"इथं काय लिहू?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"कोणाकडून?"

"मिनीडोरमध्ये एक बाई होती."

"नाव?"

"माहीत नाही."

"तिनं पाहिलं होतं?"

"विचारलं नाही."

त्यांनी 'ऐ' लिहिला. मग खिशातून रबर काढून पुसला. "ऐकलेल्याचं ऐकलेलं. याला माझ्याकडं रकाना नाही."

मी तडकले. म्हटलं, "काका, त्यांनी पुराव्याशिवाय पिढ्यान् पिढ्या लोकांच्या आयुष्याचे निर्णय घेतले, आणि तुम्ही माझ्या एका ओळीला धरून बसलात? एका मुलीचं आयुष्य चाललंय!"

ते ओरडले नाहीत. दारातच खाली बसले, गुडघे धरून. "त्यांच्याकडं पुरावा मागायचा हक्क, एवढीच आपली इस्टेट आहे पोरी. दुसरं काय आहे आपल्याकडं? देऊळ नाही, जत्रा नाही. आणि ती तू मधाच्या थेंबाला दिलीस."

पण मी हरले नव्हते. संध्याकाळी मी एकटीच देवळात गेले आणि शोधत राहिले. मला सापडलंही. मूर्तीच्या डावीकडं भिंतीवर एक पंखा होता, कोणा भक्तानं अलीकडेच दिलेला. वारा थेट डाव्या कळीवर. कळी वाळली की सुटणारच! मी धावत परत आले. "काका, पंखा! उद्या सभेत हेच सांगते."

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि वही उघडली. पंखा आला त्या सोमवारपासूनची नोंद होती, 'वाटलं' च्या रकान्यात. "बंद ठेवून बघितलेलं नाही. गुरवाला विचारलं होतं. तो म्हणाला, देणाऱ्याला वाईट वाटेल. मग थांबलो."

"पण उघड आहे हो!"

"मध पण उघडच होता ना तुला?" ते म्हणाले. "उद्या अर्ज तुझा आहे. तू पाहिलंस तेवढंच बोलायचं."

"मी काहीच पाहिलं नाही."

"मग तेच बोल."

त्यांना समजत होतं मी काय गमावणार होते. मी माघार घेतली की मुलीचा बाप म्हणणार, बघा, देवी खरी. मुलीचं दार कायमचं बंद, आणि ते बंद करणारी मी. हे मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "असेल. पण एका माणसाच्या मानेवर पाय ठेवून उघडलेलं दार तिला सांगशील का कसं उघडलं ते?"

रविवारी सभामंडप भरला होता. गुरव पूजेचं तबक हातात धरून उभा होता, जणू कोणी कुठल्याही क्षणी ते मागून घेईल. गावकीच्या प्रमुखानं विचारलं, "बाई, तुमी लिवलंय. सांगा."

मी उभी राहिले. आयुष्यात शेकडो सभांत घोषणा दिल्यात, पण असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, "मी मध पाहिला नाही. पाहिलेल्या माणसाला भेटले नाही. ऐकीव गोष्ट खरी म्हणून छापली. चूक माझी आहे. मी गुरवांची माफी मागते."

कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. आणि मला भीती होती तेच झालं. मुलीचे वडील उठले. "झालं? बाई हरल्या. देवी खरी. विषय संपला."

"थांब," खांबाजवळून आवाज आला. काका उठले. त्यांना उठायला वेळ लागला. "बाई हरल्या म्हणून देवी जिंकली, हे कुठल्या कागदावर आहे? हिचा अर्ज फेटाळला. तुझा अजून मोजलेला नाही."

"माजा कसला अर्ज?"

"पोरीनं शिकू नये असं देवी म्हणाली, हे तू म्हणतोस ना? मग तू अर्जदार. ये पुढं. काय विचारलं होतंस देवीला?"

"तेच. पोरीला पाठवू का म्हनून."

काका गुरवाकडं वळले. "गाऱ्हाणं तू घातलंस. शब्द काय होते?"

गुरवानं तबक खाली ठेवलं. डोळे मिटले आणि त्याच खणखणीत स्वरात म्हणाला, "आये, ह्या लेकराच्या मनात हाय की पोरगी मुंबैला चुलत्याच्या घरी ठेवावी. सुखाची व्हईल तर उजवी दे, न्हायतर डावी." डोळे उघडले. "आयेनं डावी दिली. चुलत्याच्या घरी नको म्हनली. शिकू नको, असं कोनी इचारलंच न्हाय."

"ते एकच झालं," मुलीचे वडील म्हणाले.

"एकच कसं?" गुरव आता चिडला होता, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "मी आयेच्या तोंडात माजा शब्द घालत न्हाय. माज्या बापानं पन घातला नव्हता. तू पन घालू नको."

देवीच्या तोंडात शब्द घालतो म्हणून ज्याला मी गावभर बदनाम केलं, तो माणूस हे बोलत होता. आणि माझी सगळी पत्रकं जे करू शकली नाहीत, ते त्यानं एका वाक्यात केलं.

मुलीचे वडील पाय आपटत निघून गेले. पूजा गुरवाकडं राहिली. मुलीचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती अलिबागला वसतिगृहात राहून नर्सिंगला लागली. त्यात सभेचा वाटा किती, तिच्या आईनं नवऱ्याशी धरलेल्या अबोल्याचा किती, हे मला माहीत नाही. असं लिहायला आता मला लाज वाटत नाही. गुरव कौल लावताना पंखा बंद करतो. काकांनी कारण विचारलं तर म्हणाला, "तुमच्यासाठी न्हाय. उद्या कोनी बोट दाखवलं तर मला सांगता आलं पायजे." उजवी-डावीत त्यामुळे फरक पडला का, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "अजून बघतोय." देव त्यांना दिसलेला नाही, आणि काकींना त्यांनी तो दाखवा म्हटलेलं नाही.

पण एक गोष्ट मिटली नाही. बोर्लीच्या बाजारात गुरव नारळ घ्यायला आला की अजूनही कोणीतरी मागून ओरडतं, "मध!" सभा एका गावात झाली, पत्रक दहा गावांत गेलं होतं. माफी कोणी फोनवर पुढं पाठवली नाही. काकांनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून खांद्याला पिशवी अडकवून निघाले. सत्तरी उलटलेला माणूस, मिनीडोर बदलत, गावोगाव, पानाच्या टपरीवर, केस कापायच्या दुकानात, शाळेच्या फाटकाशी माझं पत्रक मागत फिरला. "लाल मथळ्याचा कागद आहे का? परत पाहिजे. त्यातली एक ओळ पाहिलेली नाही." मी बरोबर जायचे. शरमेनं मान वर होत नसे. ते मात्र मासळीच्या बाजारात गेल्यासारखे जात. निम्मीसुद्धा परत मिळाली नाहीत. मग त्यांचे गुडघे गेले. आता ते ओटीवरच असतात आणि मी सुट्टीत गेले की एवढंच विचारतात, "आणखी मिळाली?"

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. देवाबद्दल तुमचं जे मत असेल ते असो. पण लाल मथळ्याचं ते पत्रक तुमच्या घरी असेल, मांडणीवर अंथरलेलं असेल, तर तिसऱ्या परिच्छेदावर काट मारा. फोनमध्ये त्याचा फोटो आला असेल, तर ज्यांना ज्यांना तुम्ही तो पाठवलात त्यांना आजच एक ओळ पाठवा: लिहिणारीनं हे पाहिलं नव्हतं. आणि बाजारात बारीक अंगाचा, खणखणीत आवाजाचा गुरव भेटला, तर त्याला त्याच्या नावानं हाक मारा. त्याचं नाव गोविंद आहे.